आरशाच्या अलीकडे

आरसा नव्हताच तिथे.
वेंगुर्ल्याच्या डच वखारीत, जिथे भिंती
मुळांनीच काय त्या धरून ठेवल्यात,
वाघुळदे मास्तरांनी एक रिकामी चौकट उभी केली
मोडीत काढलेल्या तारवाच्या सागाची, वर्ख लावलेली
आणि तिच्या दोन्ही अंगांना
एकच खोली दोनदा बांधली.

पलीकडची उलटी.
घड्याळाचे आकडे उलटे, पलंगाच्या खुराचा टवका
डावीचा उजवीकडे,
सुरंगीचा वळेसर इथे या कोपऱ्यावरून ओघळलेला,
तिथे त्या.
दोन मेणबत्त्या, आणि त्या एकाच बाजूला झुकाव्यात म्हणून
पुठ्ठे हलवत बसलेली दोन पोरं.

मास्तर म्हणायचे, अख्ख्या सिनेमात लाल एकदाच.
तोवर सगळं शेवाळी, निळं,
मोरीच्या पोटासारखं पांढरट.
लाल आलं ते माझ्या मावशीच्या बरणीतून:
कोकमाचं आगळ, गुळाच्या पाकात घट्ट केलेलं.
मुंग्या लागायच्या. नटाचे ओठ पुसून पुसून सोलवटले.

रक्तपिपासू आरशात दिसत नाही,
एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.
पलीकडे नटी बसणार, कॅमेऱ्याकडे तोंड करून, एकटी.
अलीकडे तिची पाठ हवी, आणि पाठीमागे तो.
नटीचे केस टोपाचे होते.
माझे खरे.
बंदरावर पाट्या मोजत होते तिथून मला उचललं.
तीन रात्री, पंचाहत्तर रुपये,
आणि एकच अट: वळायचं नाही.

पहिल्या रात्री नुसती फणी.
माझा उजवा हात, तिचा डावा,
मास्तर तोंडाने ताल धरायचे, एक आणि दोन आणि,
जशी फुगडीच.
तिचे डोळे माझ्या डोळ्यांत, हातभर अंतरावर.
पापण्यांना डिंक, डोळ्यांत झोप.
मी तिच्यासारखी दिसत नव्हते, पण
दुसऱ्या रात्रीपर्यंत आम्हा दोघींना
एकदमच जांभई यायला लागली.

तिसऱ्या रात्री तो आला.
बर्फाच्या कारखान्यातून पाटी आणवलेली,
तिच्यात अर्धा तास मनगटापर्यंत हात.
पाठीला अभिनय येत नाही, मास्तर म्हणाले,
तिला खरं काहीतरी द्यावं लागतं.
झगा जमिनीवरून सरपटत आला, ओल्या जाळ्यासारखा.
पेपरमिंटचा वास. मग
खांद्यावर हात.

समोर बघितलं तर नटीच्या खांद्यावर
काहीच नाही.
माझ्या खांद्यावर पाच बोटं, गार,
आणि हळूहळू, खरं सांगते, ऊबदार होत जाणारी.
कोणी असं हात ठेवून थांबलं नव्हतं तोवर माझ्यापाशी.
सगळे काहीतरी उचलायलाच हात लावायचे.
लांब कुठेतरी लाट वखारीच्या दिशेने येऊन परत गेली.
त्यानेही हात काढला नाही, कट म्हटल्यावरही,
दोन श्वास. मोजलेत मी.

सिनेमा तंबूत लागला मार्गशीर्षात, जत्रेच्या माळावर.
पाट्यांमध्ये माझं नाव नव्हतं, मी शोधलंही नाही.
तो प्रसंग आला तेव्हा लोक गप्प,
शेंगदाणेवालाही गप्प.
पडद्यावर माझी पाठ, पाच हात उंच,
तिच्यावर उजेड असा पडलेला
की मला मत्सर वाटला तिचा.
आणि आई माझ्या कानाशी, चांगलं मोठ्याने:
"गो, ही तुझी पाठ मां?
तेल लावन लावन वाढयले ते केस,
माका वळखूक येवचे नाय?"
पुढच्या ओळीतल्या दोघांनी मागे वळून बघितलं.
मी समोर बघत राहिले.

एक चूक आहे त्यात. बघितलात तर सापडेल.
हात पडतो तेव्हा माझा खांदा वर उचलतो,
आरशातला नाही उचलत.
अर्धा क्षण आरसा मागे राहतो,
मग नटीला भान येतं आणि तीही शहारते.
जाणकार म्हणाले, वा, काय कल्पना:
प्रतिबिंबाला भीती उशिरा कळते!
मास्तरांनी कोणालाच खोडून काढलं नाही.

आता केस पिकले, अर्धे गळाले.
घरात आरसा आहे, खराखुरा, पारा उडालेला.
वेणी घालताना मी त्यात माझं तोंड
फारसं बघत नाही.
खांद्याच्या मागची जागा बघते.
तिथे कोणी दिसत नाही.
म्हणजे कदाचित असेल.